कडदोरा तोडायचा कुणी?

कात्री माझ्या हातात होती आणि म्हातारीनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. हाडकुळा हात, पण पकड अशी की माझी एक काचेची बांगडी पिचली.

ड्रेसिंगच्या टेबलावर तिचा मुलगा नरोत्तमभाई उताणा पडला होता. पन्नाशीच्या आतला, तापीकाठचा केळी-कापसाचा शेतकरी, अंगापिंडानं दणकट. धोतर खाली सरकवलेलं. उजव्या कुशीला, कंबरेच्या हाडाच्या जरा वर, तळहाताएवढी जखम. आणि त्या जखमेतून आरपार गेलेला काळा कडदोरा. एका बाजूनं तो मांसात शिरत होता, दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होता. मधला भाग दिसतच नव्हता.

"सिस्टर, थांबलात कशाला? कापा की," डॉक्टर मागून म्हणाले.

"हात सुटला तर कापते, साहेब."

कडदोरा म्हणजे करदोडा. कुठे करगोटाही म्हणतात. कंबरेला बांधायचा काळा गोफ. लहानपणी बांधतात, मग जन्मभर तो असतो आणि एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. झिजला तर आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. मधे घटकाभरसुद्धा कंबर मोकळी ठेवायची नाही. मोकळी होते ती एकदाच, माणूस गेल्यावर. तिरडी उचलण्याआधी कडदोरा तोडतात. हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, दारात उभ्या असलेल्या कंपाउंडरलाही माहीत होतं. म्हणून तर कात्री अडली होती.

त्या टेबलापर्यंत माणसाला आणायला आम्हाला एक पावसाळा आणि वर बहुतेक सगळा हिवाळा लागला होता. ते कसं, ते सांगते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शहाद्याच्या बाजूला एक नवीन प्राथमिक आरोग्य केंद्र निघालं आणि तिथं माझं पोस्टिंग झालं. मी नाशिककडची, नर्सिंग आणि मिडवाइफरी करून आलेली. मिडवाइफ म्हणजे बाळंतपणं करणारी शिकलेली सुईण. केंद्रात एक मेडिकल ऑफिसर, एक कंपाउंडर, मी, आणि एक जीप. जीप बहुतेक वेळा शहाद्याला दुरुस्तीला. डॉक्टर माझ्याहून वयानं लहान, तोंडानं फटकळ, पण हात फार हलका. आमचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

तापीकाठच्या त्या गावात गुजर शेतकऱ्यांची वस्ती मोठी. घरात गुजरी बोलायचे, शेजाऱ्यांशी अहिराणी, माझ्याशीही अहिराणीच. पहिले काही महिने मला निम्मं कळायचं नाही. मग कळायला लागलं, आणि मग कळलं की माझ्याबद्दल किती बोलतात ते! चालायचंच.

एका गरोदर बाईला तपासून मी तिच्या घरातून बाहेर पडले, तर शेजारच्या अंगणातून हाक आली. काशीबेन, म्हणजे नरोत्तमभाईची बायको.

"नर्सबाई, तुम्हनाजोडे मलम शे का?"

"कसलं मलम? कुणाला?"

"यासले कंबरले जखम शे. भरीच नई ऱ्हायनी."

"कधीपासून?"

तिनं बोटांवर आठवून पाहिलं. "दोन सालं व्हई गयात."

"दोन वर्षं? काशीबेन, जखम आहे की घरजावई? दोन वर्षं सांभाळताय ते!"

ती हसली नाही. मग मीच बसले आणि सगळं विचारून घेतलं. आधी कंबरेची कातडी काळी झाली, मग मधे पांढुरकी पडली, जाड झाली, खरखरीत. मग चीर पडली. हळद झाली, तूप झालं, शंखजिरं झालं. शेतात घाम येतो, माती लागते, म्हणून नरोत्तमभाई जखमेवर फडक्याची घडी ठेवायचा. घडी घसरायची. ती घसरू नये म्हणून तो कडदोऱ्याखाली दाबायचा आणि वरून धोतर आणखी कसून बांधायचा. म्हणजे जे घासतंय त्यानंच जखम झाकलेली आणि वरून आवळलेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

"मलम नाही देत. माणूस पाठवा," मी म्हटलं.

माणूस आला पेरण्या उरकल्यावर, बाजाराच्या दिवशी. येतानाच घाईत.

"सायेब, पेनिसिलीन ठोका एक. माले घरले जावानं शे."

"आधी झोपा," डॉक्टर म्हणाले.

आता लोकांना हे समजावं म्हणून सांगते. साधी जखम भरायला लागली की तिच्या कडा आत उतरत येतात, जखम लहान होत जाते. हिच्या कडा उलट्या वर आल्या होत्या, बाहेर वळल्या होत्या, फुलकोबीसारख्या. बोटाला कडक लागत होत्या. डॉक्टरांनी मग त्याच्या जांघेत बोटं फिरवली आणि एका जागी थांबले. बोराएवढी गाठ.

"दुखते?"

"नई. काय दुखत नई."

दुखत नाही हे सांगताना पेशंटला बरं वाटतं. आम्हाला तेच नको असतं. पू झाल्यानं आलेली गाठ दुखते. ही दुखत नव्हती.

डॉक्टरांनी बायॉप्सी घेतली. म्हणजे जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढून औषधाच्या बाटलीत घातला आणि धुळ्याला तपासायला पाठवला. तिथं तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. उत्तर आलं ते आम्हाला वाटलं तेच. कातडीचा कॅन्सर.

कॅन्सर कातडीलाही होतो हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की गोऱ्या लोकांना तो उन्हानं होतो. आपल्या सावळ्या कातडीला ऊन एवढं बाधत नाही. पण जिथं वर्षानुवर्षं एकाच जागी घासलं जातं, किंवा जिथं भाजल्याचा जुना वण पुन्हा पुन्हा फुटतो, तिथं तो धरतो. धोतराची गाठ, परकराची नाडी, कासोट्याचा पीळ. आधी डाग, मग जाड कातडी, मग न भरणारी जखम. यातली गोष्ट एवढीच चांगली की तो डोळ्यांसमोर वाढतो आणि सावकाश वाढतो. वेळेत कापला तर माणूस बरा होतो. पोटातल्या कॅन्सरचं असं नाही.

डॉक्टरांनी नरोत्तमभाईला सगळं नीट सांगितलं. मुंबईला जा, जखम आणि जांघेतली गाठ काढून टाकतील, बरे व्हाल. पण आत्ता जा. आणि हा कडदोरा आजच काढू.

नरोत्तमभाई उठून बसला. "मुंबईले जासू, सायेब. पन कडदोरा नई."

"कडदोऱ्यामुळेच झालंय हे. अजून घासतोय तो."

"मन्ही माय जिवत शे," तो म्हणाला. "ती जिवत शे तवलोंग कडदोरा तुटाव नई."

"अहो, मुंबईला ऑपरेशनच्या टेबलावर कापतीलच ना!"

त्यानं यावर थोडा विचार केला. मग म्हणाला, "तर मंग मुंबईले बी नई."

आणि धोतर बांधून, पायात चपला घालून गेला. डॉक्टरांनी हातातला टॉवेल टेबलावर आपटला. "सिस्टर, त्या म्हातारीकडे जा. मी गेलो तर भांडण होईल."

म्हातारीचं नाव जमनामाय. गावात सगळे तिला मान द्यायचे. नवरा तरणाताठा असताना गेला, तिनं एकटीनं शेत राखलं. मी गेले तेव्हा ती ओसरीवर सरकी निवडत होती. नरोत्तमभाई दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी म्हटलं, जमनामाय, मुलाची जखम वाईट आहे, ऑपरेशन करायला हवं, त्यासाठी कडदोरा काढावा लागेल.

"कडदोरा कवय तोडतस, ठाऊक शे ना तुले?"

"ठाऊक आहे."

"तरी सांगी ऱ्हायनी?"

मग तिनं सरकीचं सूप बाजूला सारलं आणि मला सांगितलं. नरोत्तमच्या आधी तिचे तीन मुलगे गेले होते. तिसरा तान्हा असताना रात्री त्याचा कडदोरा सैल होऊन निसटला. "सकायले अंथरुनमा सापडना. मी हातमा धरीसन बसनू. आठदहा दिनमा पोऱ्या गया." म्हणून चौथ्याला, नरोत्तमला, तिनं घट्ट बांधला. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या महादेवापुढं बोलली की याचा कडदोरा निसटू देणार नाही. तेव्हापासून दर आखाजीला ती स्वतःच्या हातानं नवा बांधायची आणि मग जुना तोडायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीहून मोठा सण. पोर बाप झाला, केस पिकायला लागले, तरी आखाजीला आईपुढं सदरा वर करून उभा राहायचा. आणि ती पुरती ताकद लावून गाठ आवळायची.

आता माझ्या तोंडाशी आलं होतं. जमनामाय, ती गाठच त्याला खातेय. शब्द जिभेवर होते. मी वर पाहिलं. दारातून नरोत्तमभाई माझ्याकडे बघत होता आणि मान हलवत होता. नको. नको.

मी गिळलं. म्हटलं, "दंडाला बांधा ना नवा. आधी बांधा आणि मग हा तोडू."

"दंडले ताईत बांधतस," ती म्हणाली. "जीव कंबरमा ऱ्हास." आणि सूप पुन्हा पुढं ओढलं.

नरोत्तमभाई मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. मी चिडले होते. म्हटलं, तुम्हाला मरायचंय का?

"बाई, तिले सांगू नका कडदोरानं व्हयनं म्हणीसन."

"मग पटवायचं कसं तिला?"

"दुसरं कायबी सांगा. पन ते नई." तो रस्त्यातच थांबला. "तीन पोरं गयात तिना. तिले वाटस, चौथा तिनाच हातवरी वाचना. आते तोच हात... तिले समजनं ना बाई, ती एक दिन जगाव नई."

एवढा मोठा बाप्या, आणि डोळे भरून आले होते त्याचे. मी शब्द दिला.

परत आल्यावर डॉक्टर माझ्यावर तडकले. "सरळ का नाही सांगितलंत तिला?"

"पेशंटनं शब्द घेतलाय."

"शब्दानं कॅन्सर बरा होतो का?"

"नाही होत. पण पेशंट म्हणतो, माझ्या आईला सांगायचं नाही. आजार त्याचा आहे, आई त्याची आहे. तुम्ही मोडा शब्द, तुम्ही दिलेला नाही."

ते पुढच्याच आठवड्यात जीप घेऊन गेले. परत आले ते थेट पेशंट बघायला बसले. रात्री निघताना एवढंच म्हणाले, "नाही सांगता आलं."

मग सुरू झाल्या सबबी. कापूस वेचणीला आला. वेचणी होते तोवर सारंगखेड्याची यात्रा आली, घोड्यांचा बाजार भरला, घरी पाहुणे. दर खेपेला मी ड्रेसिंग करायची आणि दर खेपेला जखम बोटभर वाढलेली. कडदोरा तिच्यात रुतत चाललेला. तो मी एका बाजूला सरकवायची, खाली जाळीची पट्टी ठेवायची. घरी गेला की म्हातारी हात लावून बघायची, जागेवर आहे ना. जांघेतली गाठ लिंबाएवढी झाली.

मग वास सुटला. ज्यांनी हा वास घेतला आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी घेऊ नये. नरोत्तमभाई घर सोडून मळ्यात राहायला गेला. राखणीला जातो म्हणायचा. चावडीवर बसणं बंद केलं, लग्नकार्यात जाणं बंद केलं. काशीबेन डबा नेऊन झोपडीबाहेर ठेवायची आणि तो तिला आत येऊ द्यायचा नाही. ती माझ्याजवळ येऊन रडली. मी तरी काय करणार? मीही तिच्याबरोबर रडले आणि मग दोघींनी चहा घेतला.

एक दिवस काशीबेनला ताप होता म्हणून डबा घेऊन जमनामाय गेली. नरोत्तमभाई झोपलेला होता. तिनं दार लोटलं. आत काय पाहिलं, किती वेळ बसली, कुणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या केंद्रापुढं बैलगाडी उभी राहिली. मुलगा मागे आडवा पडलेला आणि म्हातारी पुढं गाडीवानाशेजारी ताठ बसलेली.

तर अशी ती कात्री माझ्या हातात आली होती.

"तू नको तोडू," जमनामाय मला म्हणाली. "मी बांधा व्हता. मीच तोडसू."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "हात धुवायला द्या त्यांना."

तिनं साबणानं हात धुतले. मग कनवटीची गाठ सोडून आतून नवा कडदोरा काढला, काळाभोर, घरी वळलेला. आधी हा बांधायचा, मग तो तोडायचा. जन्मभराची रीत.

"माय, नवा नाही बांधायचा," डॉक्टर म्हणाले. फटकळ माणूस, पण त्या दिवशी इतक्या हळू बोलले की मला जेमतेम ऐकू आलं. "आता त्याच्या कंबरेला काहीच नाही बांधायचं. कधीच नाही."

मग तिनं तो नवा कडदोरा स्वतःच्या डाव्या मनगटाला गुंडाळला आणि एक टोक दातात धरून आवळून बांधला. "बरा व्हस तवलोंग मन्हाजोडे ऱ्हाऊ दे," मुलाला म्हणाली. आणि कात्री हातात घेतली. दोन्ही बाजूंनी कडदोरा कापला. कापून झाल्यावर तुकडे मी चिमट्यानं ओढून काढले. नरोत्तमभाईनं टेबलाची कड धरून ठेवली, पण म्हातारीच्या तोंडातून आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

पुढच्याच गाडीनं त्याला नंदुरबारहून मुंबईला पाठवलं. तिथं जखम आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढली, जांघेतल्या गाठी काढल्या, मांडीची कातडी सोलून कंबरेला लावली. तिला ग्राफ्ट म्हणतात. आपण गोणीला ठिगळ लावतो तसं, फक्त ठिगळ जिवंत. मग किरणांचा शेक दिला. आखाजीच्या तोंडावर नरोत्तमभाई परत आला. वाळला होता, पण चालत आला.

धोतर बंद. मुंबईच्या डॉक्टरांनी सैल पायजमा आणि वर गॅलिस घालायला सांगितलं होतं. गॅलिस म्हणजे खांद्यावरून पायजमा धरणारे पट्टे, लहान मुलांच्या चड्डीला असत ते. सगळ्या गावानं हसून घेतलं. "नरोत्तमभाई शायमा जाई ऱ्हायना का?" शाळेत निघालास का, असं विचारायचे. तोही हसायचा. चावडीवर पुन्हा बसायला लागला. मी जाता-येता बघायची आणि मनातल्या मनात खूश व्हायची.

त्या आखाजीला घरी पुरणपोळी झाली, झोके बांधले, पोरी माहेरी आल्या. जमनामाय मात्र दिवसभर हातावर हात ठेवून बसून होती. तिचं त्या दिवशीचं कामच कुणी काढून घेतलं होतं.

पावसाळा संपता संपता त्याचा उजवा पाय सुजला. मग जांघेत पुन्हा गाठ, मग आत पोटात. डॉक्टरांनी हात फिरवला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, सिस्टर." आधीच्या पावसाळ्यातच मुंबईला गेला असता तर? असं मी विचारणार होते. त्यांचं तोंड बघून विचारलं नाही.

इंजेक्शन द्यायला मी जात होते. एकदा त्यानं माझा हात धरला. "बाई, तिले सांगं नई ना?"

"नाही सांगितलं."

"मी गया तरी नका सांगू."

तो गेला थंडीत, सकाळी. मी तिथंच होते. अंगणात माणसं जमली, तिरडी बांधून झाली. आंघोळ घालणाऱ्या म्हाताऱ्या भाऊबंदाचा हात सवयीनं कंबरेकडे गेला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. ग्राफ्टच्या खडबडीत कातडीवर हात थांबला.

"कडदोरा कोठे शे?" त्यानं विचारलं.

मग बायकांच्या घोळक्यातून जमनामाय पुढं आली. डावा हात पुढं केला. मनगटावर तो काळा कडदोरा, बांधल्या दिवसापासून तसाच.

"हाऊ शे त्याना," ती म्हणाली. "हाऊ तोडा."

त्या म्हाताऱ्यानं तिच्या मनगटावरून तो तोडला. मला तिथं उभं राहवेना. मी भिंतीकडे तोंड केलं.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेले. जमनामाय ओसरीवरच होती, जुन्या जागी. तिनं मला बसायला जागा करून दिली. मग म्हणाली, "बाई, मी तोडा म्हणीसन गया ना तो?"

"नाही, जमनामाय. नाही. त्यामुळे नाही."

"मंग कसानं गया?"

तोडल्यामुळे नाही, हे तिला पटवायचं तर मग बांधल्यामुळे, हे सांगावं लागत होतं. "काही आजारांना कारण नसतं, माय," मी म्हटलं. इतकं पोकळ वाक्य मी जन्मात दुसरं बोलले नसेन.

ती मान खाली घालून मनगटावरून अंगठा फिरवत होती. कडदोरा बांधलेला होता तिथं कातडीला कडं पडलं होतं. काळं, जाड, खरखरीत. मला दिसलं. मी विषय बदलला आणि उठले.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. गरोदर बाई तपासायला आली की आधी तिच्या परकराच्या नाडीखाली दोन बोटं घालून बघायची. बोटं जात नसतील तर नाडी सैल करायला लावायची, गाठ रोज जागा बदलून बांधायला सांगायची, कंबरेची कातडी रोज धुवायला सांगायची. डाग दिसला, खरखरीत लागलं, जखम महिनाभरात भरली नाही, की केंद्रात. पुरुषांना हेच कंपाउंडर सांगायचा. मला 'दोन बोटनी बाई' नाव पडलं. पडो. काहीजण वेळेत आले, लहानशा ऑपरेशनवर सुटले. नोकरीत शिकले ते एवढंच: रोग वाईट असतोच, पण तो सहसा एकटा मारत नाही, उशिराला बरोबर घेऊन येतो. आणि उशीर माणसं बहुतेक वेळा मायेपोटीच करतात. त्याला औषध मला सापडलं नाही.

पुढच्या सालात नरोत्तमभाईच्या सुनेला मुलगा झाला. बाळंतपण मीच केलं. बाराव्या दिवशी मी बाळाचं वजन करायला गेले तर घर बायकांनी भरलेलं, कारण पणजी कडदोरा बांधणार होती. जमनामायनं बाळाला मांडीवर घेतलं, कडदोरा वळसा घालून गाठ मारली, बाळ गोधडीवर ठेवलं आणि उठली. मी बघतच राहिले. गाठ एवढी सैल की बाळानं पाय झाडले तशी ती मांडीवरून घसरली, गुडघ्यावर आली, आणि कडदोरा पावलातून निघून गोधडीवर पडला.

एकीनं तोंडावर पदर घेतला. काशीबेनचा चेहरा पांढरा पडला. "आत्याबाई, घट बांधा ना! निसटी गया!"

जमनामाय सावकाश खाली बसली. कडदोरा उचलला, पुन्हा बाळाच्या कंबरेला घातला, आणि पुन्हा तितकीच सैल गाठ मारली. मग तिनं आपली दोन बोटं त्याखालून घालून इकडून तिकडे फिरवली.

"निसटू दे," ती म्हणाली. "निसटना म्हणीसन कोनी मरत नई."

हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. नरोत्तमभाईनं नव्हतं, डॉक्टरांनीही नव्हतं.

मी बाळाचं वजन घेतलं. चांगलं भरलं.